मजकूर आणि त्याची बांधणी
(माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवानिमित्त शाळेचे संकेतस्थळ आपण नव्याने सिद्ध केले. त्याच्या बांधणीतील एका तांत्रिक निर्णयाविषयी मराठी शिकवणाऱ्या बाईने बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण हा प्रश्न मुळात जतनाचा आहे.

माधवराव सप्रे यांची ओळख रायपूरकरांना करून द्यायला नको. मराठी घरातल्या या संपादकाने 1900 साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. ते तीन वर्षांत थांबले. तरीही त्याचा एखादा अंक हाती आला, तर तो आज वाचता येतो. त्यासाठी जुना छापखाना पुन्हा चालू करावा लागत नाही. संकेतस्थळाचे तसे नसते. तेथे मजकुराला त्याच्या यंत्रणेचा आधार सतत लागतो.

आपले संकेतस्थळ वर्डप्रेसवर चालते. डिसेंबर 2018 मध्ये त्याच्या 5.0 आवृत्तीत ‘गुटेनबर्ग’ हा ब्लॉक संपादक आला. त्यात पान ब्लॉकांनी रचले जाते: परिच्छेदाचा एक, छायाचित्राचा दुसरा. आपल्या एका माजी विद्यार्थ्याने शाळेसाठी खास ‘आठवण’ नावाचा ब्लॉक तयार केला. नाव, दहावीचे वर्ष, जुने छायाचित्र आणि आठवण, हे सारे त्यात एकत्र बसत असे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही संकेतस्थळाची थीम, म्हणजे त्याचे बाह्यरूप, बदलले. या ब्लॉकची आज्ञावली जुन्या थीममध्येच होती, हे आमच्या ध्यानी आले नाही. पाने उघडली तेव्हा संपादकाने तो ब्लॉक ओळखण्यास नकार दिला. शब्द टिकले होते. मांडणी मात्र विस्कटली होती. एका आजींच्या आठवणीत त्यांच्या गुरुजींचे नाव चुकले होते. ते एक अक्षर सुधारायलाही आम्हा शिक्षकांना पुण्याहून मदत मागावी लागली. शिवाय आमच्यापाशी होती ती केवळ संगणकासाठी आकसवलेली फाइल. मूळ लेखन त्या विद्यार्थ्याच्या जुन्या संगणकाबरोबर गेले होते.

म्हणून यंदा आपण शिस्त बदलली. शाळेने करवून घेतलेले सर्व ब्लॉक आणि संपादकातील भर आता शाळेच्या एकाच प्लगिनमध्ये आहेत. माणसाला वाचता येईल असे मूळ लेखन एका फोल्डरमध्ये राहते. बांधणीची एक आज्ञा दिली की त्यातून संकेतस्थळाला लागणाऱ्या फाइली दुसऱ्या फोल्डरमध्ये तयार होतात. बांधणीच्या साधनांच्या आवृत्त्यांची नोंदही सोबत असते. थीम बदलली, तरी प्लगिन जागचा हलत नाही.

आणखी एक पथ्य आहे. ब्लॉकची रचना बदलताना तिचे जुने रूपही आज्ञावलीत नोंदवून ठेवावे लागते. नाहीतर आधी जतन केलेला मजकूर संपादकाला अवैध वाटतो. घरात मोडी वाचणारे कोणी उरले नाही, की पेटीतले कागद शाबूत असूनही मुके होतात. तसेच हे आहे.

संगणक क्षेत्रातील माजी विद्यार्थ्यांकडे माझे एकच मागणे आहे. वर्षातून एक दिवस शाळेत या. कोऱ्या संगणकावर मूळ लेखनापासून हा प्लगिन पुन्हा बांधून पाहा, आणि त्या वेळी नववीची दोन मुले शेजारी बसवा. एकाच माणसाला ठाऊक असलेली गोष्ट जतन झाली, असे म्हणता येत नाही.

काही वर्षांत मी निवृत्त होईन. कपाटाच्या किल्ल्या नव्या मुख्याध्यापकांच्या हाती देताना हा संचही सोपवता यावा आणि त्या आजींच्या गुरुजींचे नाव शाळेतच, शाळेच्याच माणसाला सुधारता यावे, एवढीच इच्छा आहे.