मूत्राशयाची शस्त्रक्रिया : आधी आणि नंतर

पोटदुखी, पित्त, संधिवात यांविषयी आपल्याकडे चारचौघांत मोकळेपणाने बोलले जाते. आगगाडीच्या डब्यात शेजारी बसलेल्या अनोळखी प्रवाशालाही माणूस आपल्या मधुमेहाची हकिगत सांगून जातो. लघवीची तक्रार मात्र तो सख्ख्या भावाजवळही काढीत नाही. एखाद्या सकाळी लघवीचा रंग लालसर दिसतो. ‘उष्णता झाली असेल’ या एका वाक्यावर घरची वैद्यकी आटोपते, धण्याजिऱ्याचे पाणी घेतले जाते, आणि दोन दिवसांनी रंग पूर्ववत झाला की सर्वांना हायसे वाटते. मूत्राशयाच्या कर्करोगाची कथा पुष्कळदा या हायसे वाटण्यापासूनच सुरू होते.

कसलीही वेदना नसताना लघवीवाटे रक्त जाणे हे या रोगाचे सर्वांत नेहमीचे पहिले लक्षण होय. ते रक्त आपोआप थांबते, गाठ मात्र थांबत नाही. अर्थात असे प्रत्येक रक्त कर्करोगाचे नसते. मूतखडा किंवा जंतुसंसर्ग यांमुळेही ते जाऊ शकते. परंतु कारण शोधल्यावाचून स्वस्थ बसणे धोक्याचे. अमेरिकेचे उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांना १९६७ साली असे रक्त दिसले होते. त्या वेळच्या तपासण्यांतून निर्णायक असे काही निष्पन्न झाले नाही. १९७६ मध्ये रोग खोलवर गेल्याचे कळले, त्याच वर्षी त्यांचे मूत्राशय काढण्यात आले आणि जानेवारी १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे १९९४ साली, १९६७ च्या जतन केलेल्या नमुन्यातील पेशी नव्या साधनांनी तपासल्या, तेव्हा रोगाची खूण त्यांत आढळली. आजच्या रोग्याला ही साधने उपलब्ध आहेत. त्याने वेळेवर जाणे एवढेच बाकी असते.

या रोगाचे सर्वांत मोठे कारण तंबाखूचा धूर हे आहे. धूर जातो फुप्फुसांत, मग रोग मूत्राशयात कसा, असा प्रश्न साहजिकच पडतो. विडी-सिगारेटमधील विषारी द्रव्ये रक्तात मिसळतात, मूत्रपिंडे ती गाळून बाहेर काढतात, आणि बाहेर पडण्यापूर्वी ती मूत्राशयात तासन् तास साचून राहतात. रंगाच्या कारखान्यांतील कामगारांनाही हाच धोका असतो. फ्रांकफुर्टचे शल्यवैद्य लुडविग रेन यांनी १८९५ मध्येच तिकडे लक्ष वेधले होते.

गाठ मूत्राशयाच्या अस्तरापुरती मर्यादित असली, तर मूत्रमार्गातून दुर्बीण घालून ती खरवडून काढतात. पोट उघडावे लागत नाही. गाठ परत उद्भवू नये म्हणून पुष्कळदा मूत्राशयात औषध सोडतात. त्यांतील एक म्हणजे बाळांना क्षयाविरुद्ध टोचली जाणारी बीसीजी होय. तिचा असा उपयोग कॅनडातील डॉक्टर मोरालेस यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. गाठ स्नायूत शिरली असेल, तर मात्र बहुधा आधी रसायनोपचार आणि नंतर संपूर्ण मूत्राशय काढणे हा मार्ग सांगितला जातो. काही निवडक रोग्यांच्या बाबतीत खरवडणे, किरणोपचार आणि रसायनोपचार यांच्या संयोगाने मूत्राशय वाचविता येते. आपण त्यांपैकी आहोत काय, हे रोग्याने डॉक्टरांना अवश्य विचारावे.

मूत्राशय काढल्यावर मूत्र जायचे कोठून? सर्वांत रुळलेली वाट अमेरिकेतील शल्यवैद्य यूजीन ब्रिकर यांनी १९५० मध्ये प्रचारात आणली. लहान आतड्याचा सुमारे वीतभर तुकडा वेगळा करून त्याला दोन्ही मूत्रवाहिन्या जोडतात आणि त्याचे दुसरे टोक पोटाच्या उजव्या बाजूस बाहेर उघडतात. या लालसर मुखाला ‘स्टोमा’ म्हणतात. त्यावर पिशवी चिकटविलेली असते व तीत मूत्र अहोरात्र ठिबकत राहते. दुसरी वाट म्हणजे आतड्याचा अधिक लांब भाग घेऊन त्याचेच नवे मूत्राशय शिवणे व ते मूळच्या मार्गाला जोडणे. ऐकताना दुसरी वाट अधिक सुखाची वाटते, पण तिला मूत्रपिंडे सशक्त लागतात, मूत्रमार्ग रोगमुक्त लागतो, आणि पुढे महिनोन् महिने शिकण्याची चिकाटी लागते. एक वाट श्रेष्ठ व दुसरी कनिष्ठ असे नसून, कोणत्या प्रकृतीला कोणती मानवेल एवढाच प्रश्न असतो.

निदान आणि शस्त्रक्रिया यांच्या मधले काही आठवडे घरात बहुधा चिंतेत जातात. वस्तुतः ते कामाचे आठवडे होत. पहिले काम धूम्रपान तत्काळ आणि कायमचे सोडणे. शस्त्रक्रियेपूर्वी चार आठवडे जरी धूर बंद राहिला, तरी फुप्फुसांना आणि जखमेला त्याचा लाभ होतो. दुसरे काम चालण्याचे. रोज ठरल्या वेळी, दम लागेल न लागेल अशा बेताने चालावे. रुग्णालयात दिले जाणारे तीन चेंडूंचे श्वासाचे साधन घरीच वापरून हात बसवावा. तिसरे आहाराचे. रोग झाला म्हणून पेजेवर राहणे ही मोठी चूक होय. डाळी, दूध, दही, आणि चालत असल्यास अंडी व मासे यांनी शरीराची शिल्लक वाढवावी. रक्त कमी असल्यास, साखर वाढलेली असल्यास त्यांचा बंदोबस्त आधी व्हावा. नेहमीच्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंदही करू नये व चालूही ठेवू नये. शासकीय आरोग्य योजनेचा लाभ घ्यायचा असेल, तर कागदपत्रे याच काळात पुरी करावीत.

एका कामाकडे मात्र बरेचदा दुर्लक्ष होते. ते म्हणजे पोटावर स्टोमाची जागा आधी आखून घेणे. रोगी शस्त्रक्रियेच्या मेजावर आडवा असतो, तेव्हा पोट सपाट दिसते. तोच बसला की वळ्या पडतात. म्हणून त्याला उभे करून, बसवून, वाकवून जागा निश्चित करावी लागते. ती स्वतःच्या डोळ्यांना दिसणारी, हात पोचणारी आणि धोतराची गाठ, विजारीचा पट्टा किंवा साडीच्या निऱ्या यांखाली न येणारी असावी. शाईच्या एका ठिपक्यावर पुढच्या वर्षानुवर्षांचे सुख अवलंबून असते. तसेच, पुरुषाची प्रोस्टेट ग्रंथी आणि स्त्रीचे गर्भाशय यांनाही या शस्त्रक्रियेत बहुधा जावे लागते, व त्याचा परिणाम वैवाहिक जीवनावर होतो. संकोच बाजूला सारून पतिपत्नींनी ही गोष्ट आधीच डॉक्टरांशी बोलावी. नंतर कळण्यातले दुःख अधिक असते.

शस्त्रक्रिया कित्येक तास चालते. शुद्धीवर आलेला रोगी अंगाला लागलेल्या नळ्या पाहून गांगरतो. पण त्या एकेक करून निघणाऱ्याच असतात. शक्य तर दुसऱ्याच दिवशी त्याला उठवून चालवितात. नातेवाइकांना हे निर्दयपणाचे वाटते. ‘जरा पडू द्या हो त्यांना’ असे ते विनवितात. परंतु पडून राहिल्याने पायांत रक्ताच्या गुठळ्या होतात, छातीत कफ साचतो आणि आतडी अधिक सुस्तावतात. ती सुस्ती हीच या दिवसांतील मोठी अडचण असते. वायू सरणे, ही एरवी हसण्यावारी जाणारी घटना, तेथे सुवार्ता ठरते.

घरी परतल्यावर पहिले सहा आठवडे पाण्याची बादली, गॅसचा सिलिंडर किंवा नातवंड उचलू नये. थकवा दोन-तीन महिनेही रेंगाळतो. एक दिवस उत्साहाचा गेला की दुसरा मरगळीचा येतो. यात खचण्यासारखे काही नाही. पिशवी एक तृतीयांश ते अर्धी भरताच रिकामी करावी, रात्री तिला मोठ्या पिशवीची नळी जोडावी, म्हणजे झोप मोडत नाही. मूत्रात पांढरट चिकट तंतू दिसले तर घाबरू नये. तो आतड्याचा स्वभावच आहे. पाणी भरपूर प्यावे. नवे मूत्राशय शिवलेल्याला मात्र घड्याळाप्रमाणे वागावे लागते. त्याला लघवीची पूर्वीसारखी जाणीव होत नाही, म्हणून प्रारंभी दर दोन-तीन तासांनी, रात्रीही गजर लावून, ते रिकामे करावे लागते. हुडहुडी भरून ताप येणे, मूत्र थांबणे, पोटरी सुजून दुखणे, उलट्या होऊन पोट फुगणे, स्टोमा काळसर पडणे यांपैकी काहीही झाल्यास उद्यावर न टाकता रुग्णालय गाठावे.

जखम भरते, पण मनातली लाज तितक्या लवकर भरत नाही. पिशवी लावलेल्या माणसाने देवपूजा करावी काय, पंगतीत बसावे काय, लग्नाला जावे काय, असे प्रश्न घरोघरी उठतात, आणि कित्येकदा ते विचारणारा स्वतः रोगीच असतो. तो देवघराच्या उंबऱ्याशी थबकतो. प्रत्येकाच्या शरीरात मूत्र असतेच; याच्या शरीरात त्याची जागा बदलली आहे, इतकेच. पिशवी घट्ट बसलेली असली की तिला वास नसतो, स्नान करता येते, प्रवास करता येतो. हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी, विशेषतः पत्नीने किंवा पतीने, एकदा स्वच्छ शब्दांत सांगितले, तर औषधाइतका गुण येतो. अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या रुग्णालयात डॉक्टर रूपर्ट टर्नबुल यांनी १९५८ मध्ये या रोग्यांना शिकविण्यासाठी नॉर्मा गिल या बाईंची योजना केली. त्या स्वतः स्टोमा असलेल्या रोगी होत्या. जो त्या वाटेने गेला आहे त्याचा शब्द अधिक पटतो, हे टर्नबुल यांनी ओळखले होते. आज मुंबईतही स्टोमाधारकांची संघटना आहे आणि मोठ्या कर्करोग रुग्णालयांत यासाठी शिकलेल्या परिचारिका असतात. त्यांची भेट शस्त्रक्रियेपूर्वीच घ्यावी.

पुढेही तपासण्या चुकवून चालत नाही. रोग परतला नाही ना, मूत्रपिंडे नीट आहेत ना, आतड्याचा भाग वापरल्याने जीवनसत्त्व ब-१२ कमी झाले नाही ना, हे वर्षानुवर्षे पाहावे लागते. या सगळ्यातून गेलेला माणूस पूर्वीच्या दिनक्रमात परततो, तेव्हा त्याच्यावर आणखी एक काम येऊन पडते. कट्ट्यावर कोणी ओळखीचा खालच्या आवाजात म्हणतो, ‘लघवी जरा लाल झाली होती, उष्णता असेल.’ त्या वेळी विषय न बदलता त्याला ‘आजच तपासून ये’ असे सांगणारा माणूस तेथे हवा असतो. ते सांगण्याचा अधिकार ज्याने कमावला आहे, त्याने गप्प बसू नये.