पुढाऱ्याच्या मागची माणसे



चळवळ म्हटली की आपण पुढाऱ्याचे नाव घेतो. पुतळा त्याचा, जयंती त्याची, चौकाला नावही त्याचेच. माझे शाळेतले शिक्षण बेताचे. पुढचे धडे मी गेटसभांत आणि वाचनालयात घेतले. त्या शिदोरीवर आज एवढेच मांडणार आहे, की पुढारी बोलू लागतो, पण चळवळ सुरू होते ती दुसरा माणूस उघडपणे त्याच्या शेजारी येऊन उभा राहतो तेव्हा.

आपल्या शेजारचेच उदाहरण घ्या. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांची सभा भरविली. मागण्या साध्या होत्या : रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, आणि कामावर जखमी झालेल्यास मदत. त्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. लोखंडे 'दीनबंधू'चे संपादक होते. सही करणाऱ्याला मात्र दुसऱ्या दिवशी त्याच गिरणीच्या फाटकातून आत जायचे होते, आणि त्याला कामावर घेणे न घेणे जॉबरच्या हाती होते. पुढे सरकारी अहवालात लोखंड्यांच्या संस्थेविषयी लिहिले गेले, की तिला सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियमही नाहीत. मग तिचे बळ होते कशात? त्या सह्यांत! २४ एप्रिल १८९० रोजी रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियांनीही तेथे भाषणे केली. १० जूनला मालकांनी आठवड्याची सुटी मान्य केली. आज आपण रविवारी उशिरा उठतो, त्याचे थोडे श्रेय त्या निनावी माणसांना द्यावे.

१९२८ साली तर पुढारीच अनुयायांच्या मागून आले. साचेवाल्याने दोनऐवजी तीन साचे चालवावेत, अशा योजनांविरुद्ध एप्रिलपासून गिरण्या बंद पडू लागल्या. ना. म. जोशी यांना सार्वत्रिक संप पसंत नव्हता. पण कामगार बाहेर पडलेले पाहून तेही संयुक्त संप समितीत आले. तो संप सहा महिने चालला. त्यातून उभ्या राहिलेल्या गिरणी कामगार युनियनचे अध्यक्ष अर्जुन आळवे हे स्वतः कामगार होते.

परंतु अनुयायी म्हणजे देव नव्हे. त्याच गिरण्यांच्या साचे खात्यात अस्पृश्य कामगाराला मज्जाव होता, कारण धोट्यात सूत ओवताना तोंड लावावे लागे. हा प्रश्न त्याच संपात डॉ. आंबेडकरांनी उभा केला. शेजारी उभे राहायचे, पण कोणाच्या शेजारी नाही, हे आपण मनात आधीच ठरवून ठेवलेले असते. चळवळीला खरी भेग पडते ती तिथे.

१८ जानेवारी १९८२ चा संप आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात घडला. डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे कामगारच आपण होऊन गेले होते. सुमारे अडीच लाख माणसे बाहेर पडली, आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. निष्ठा तिथे कमी पडली नाही. कुणी गावची शेती धरली, कुणी घरातली भांडी विकली. पण ज्याने पुढाऱ्याला बोलावून आणले, त्यानेच 'आता पुढे काय?' हेही विचारले पाहिजे. असे विचारणे म्हणजे फितुरी नव्हे.

आज मी कंत्राटी कामगारांत काम करतो. तोंड उघडणारा पहिला माणूस सापडतोच. अडते ते दुसऱ्यापाशी. पावतीपुस्तकातली दुसरी पावती फाटायला कधी महिना लागतो. ती फाटली की पुढच्या वीस एका दुपारी फाटतात.

घोडपदेवच्या आसपास जिथे भोंगे वाजत होते, तिथे आता उंच इमारती आहेत. त्यांच्या दाराशी बारा तास उभा राहणारा पहारेकरी, पाठीवर सामान घेऊन धावणारा पोरगा, जिने पुसणारी बाई, यांनाही रविवार हवा आहे. त्यांच्यातला एखादा उद्या बोलेल. तो पुढारी होईल की वेडा ठरेल, हे त्याच्या हाती नाही. ते आपण ठरविणार आहोत.