पडद्यावरचा पुरावा आणि न्यायालयातला पुरावा



रहस्यकथेची गोडी मराठी वाचकाला जुनीच आहे. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांत गुन्हेगार सापडे तो प्रामुख्याने नायकाच्या चातुर्यामुळे. १९९८ साली 'सी.आय.डी.' मालिका आली आणि चातुर्याच्या शेजारी प्रयोगशाळा येऊन बसली. डॉ. साळुंखे यांचा अहवाल जाहिरातींच्या दोन विश्रांतींमध्ये तयार!

अमेरिकेत २००० साली सुरू झालेल्या 'सी.एस.आय.' मालिकेनंतर तेथील सरकारी वकील तक्रार करू लागले, की डी.एन.ए.चा पुरावा नसेल तर ज्यूरी आरोपीला सोडून देते. मिशिगनचे न्यायाधीश डोनाल्ड शेल्टन यांनी २००६ साली ज्यूरीसाठी बोलावलेल्या सुमारे हजार नागरिकांची पाहणी केली. मालिका पाहणाऱ्यांच्या अपेक्षा वाढलेल्या आढळल्या. पण केवळ त्यामुळे आरोपी सुटतात, असे काही दिसले नाही.

ज्यूरीवर कथेचा पगडा कसा बसतो, हे मुंबईने दूरचित्रवाणी येण्यापूर्वीच पाहिले होते. २७ एप्रिल १९५९ रोजी कमांडर नानावटी यांच्या पिस्तुलातून तीन गोळ्या सुटून प्रेम आहुजा ठार झाला. झटापटीत गोळ्या सुटल्या, असा बचाव होता. आहुजा नुकताच स्नान करून आला होता आणि कमरेचा टॉवेल मृतदेहावर जागच्या जागी होता. परंतु 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने कमांडरला नायक करून टाकले होते. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरविले. सत्र न्यायाधीशांना ते पटले नाही. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, जन्मठेप झाली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. टॉवेलची दखल घेणारा तो निकाल लिहिला न्या. सुब्बाराव यांनी. त्यापूर्वी ते याच हैदराबादेत आंध्र प्रदेशचे मुख्य न्यायाधीश होते.

१९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला स्थान उरले नाही. आता निर्णय न्यायाधीशाचा. परंतु साक्षीदार, पंच आणि मृताचे आप्त मालिका पाहूनच न्यायालयाची पायरी चढतात.

याच शहरातील सी.सी.एम.बी.मध्ये डॉ. लालजी सिंग यांनी १९८८ च्या सुमारास डी.एन.ए. ओळखीचे देशी तंत्र सिद्ध केले. तंत्र भरवशाचे आहे. पण प्रयोगशाळेत पोहोचलेला नमुना तोच आहे, हे ते सांगू शकत नाही. ते सांगतो पंचनामा, लाखेची मोहर आणि मुद्देमालाच्या नोंदवहीतली हवालदाराची सही. मालिकेत हा हवालदार दिसत नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेने सात वर्षांहून कमी नसलेल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे आवश्यक केले आहे. त्याच्या सिद्धतेसाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे.

दिल्लीच्या छावला प्रकरणात २०१२ साली फेब्रुवारीच्या मध्याला घेतलेले नमुने २७ तारखेपर्यंत पोलीस ठाण्यातच पडून होते. डी.एन.ए. जुळला होता आणि दोन न्यायालयांनी फाशी दिली होती. नमुन्यांत फेरफार झाल्याची शक्यता नाकारता येत नाही, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२२ रोजी तिन्ही आरोपींना मुक्त केले. मुलीच्या आईवडिलांनी पुनर्विचाराची याचना केली. मार्च २०२३ मध्ये तीही फेटाळली गेली.