अनामत आणि भीड

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत भाडेकरू घरमालकाच्या हातीं अनामत ठेवतो, ती कांहीं दक्षिणा नव्हे. घर सोडतांना ती परत यावयाची असते. नोकरदार कुटुंबास नव्या घराची अनामत बहुधा तींतूनच भरावी लागते. परंतु घर रिकामें झालें, कीं कित्येक मालक मौन धरतात. अशा वेळीं गयावया करून कांहीं साधत नाहीं. साधतें तें कागदानें.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम ५५ अन्वये भाड्याचा करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. करार तसा नसेल, तर अटींविषयीं भाडेकरूचें म्हणणें, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलें जातें.

म्हणून घर सोडतांना खोल्यांचीं छायाचित्रें घ्यावींत, वीजबिल चुकतें करावें आणि किल्ली दिल्याबद्दल तारखेसह सही घ्यावी. मालक गप्प राहिल्यास स्पीड पोस्टानें पत्र पाठवावें. त्यांत रक्कम, ती दिल्याची तारीख व १५ दिवसांची मुदत लिहावी. दुरुस्तीची वजावट सांगितल्यास बिलें मागावींत.

उत्तर न आल्यास जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे तडजोडीसाठीं अर्ज करतां येतो. तेंही निष्फळ ठरल्यास न्यायालयांत दावा लावावा. मुदत कायदा, १९६३ प्रमाणें अशा दाव्यास सामान्यतः ३ वर्षेंच मिळतात. गोड आश्वासनांत तीं सरलीं, तर हक्काचा पैसाही बुडतो. भीड ही भिकेची बहीण, असें जुनीं माणसें म्हणत, तें येथें अक्षरशः खरें आहे.