नाव एक, लेखन अनेक
(सुवर्ण महोत्सवी समारंभातील भाषणाचा मजकूर)



आपल्या ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या देणगी-वह्या व कुटुंबांच्या याद्या संगणकात घेण्याचे ठरले आहे. त्या अनुषंगाने चार शब्द बोलतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, व्यवसायाने कापडवाला. संगणकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. परंतु उधारीच्या वहीत एकच ग्राहक दोन नावांनी बसला म्हणजे काय घोटाळा होतो, हे दुकानदारास कोणी शिकवावे लागत नाही.

आपल्या गावाचेच उदाहरण घ्या. जुन्या कागदांत 'बाभुळगांव' असे अनुस्वारासह आढळते, आज आपण तो देत नाही. कोणी 'बाभूळगाव' असा दीर्घ ऊकार लिहितो. आडनावांतही लुणावत-लुनावत, बाफणा-बाफना, सुराणा-सुराना अशा जोड्या घरोघरी आहेत. माणसाला ही नावे एकच वाटतात. संगणकाला ती सर्वस्वी भिन्न.

यावरचा पहिला प्रसिद्ध उपाय संगणकाच्याही आधीचा आहे. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. पुढे ती पद्धत 'साउंडेक्स' म्हणून रूढ झाली. नावाचे पहिले अक्षर ठेवावयाचे, स्वर गाळावयाचे आणि सारख्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच अंक द्यावयाचा. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यानंतर ज्या वृद्धांजवळ वयाचा दाखला नव्हता, त्यांची नावे जुन्या जनगणनेत शोधण्यासाठी या पद्धतीने कार्डे तयार झाली. इंग्रजीत बाफना 'एफ'ने लिहा अथवा 'पीएच'ने, संकेतांक 'बी-१५०' हाच येतो. आपल्या गावाच्या इंग्रजी नावात 'एच' असो वा नसो, 'बी-१४२' कायम. मात्र यवतमाळ येथे ही पद्धत अडखळते. आजच्या लेखनाचा संकेतांक 'वाय-१३५', तर ब्रिटिश अमदानीतील 'वाय, ई, ओ, टी, एम, ए, एल' या लेखनाचा 'वाय-३५४'. कारण जुन्या लेखनात 'व्ही' नाही.

दुसरी पद्धत रशियन गणिती लेवेनश्टाइन यांची, १९६५ ची. एका शब्दाचा दुसरा करण्यास किती अक्षरे घालावी, काढावी वा बदलावी लागतात, ते मोजावयाचे. हिशेब सोपा, पण आपल्याकडे येऊन फसतो. 'मोहनलाल' आणि 'सोहनलाल' यांत एकाच बदलाचे अंतर. आणि आपल्या घरांत ही बहुधा दोन सख्ख्या भावांची नावे! उलट 'चंपालाल' आणि 'चम्पालाल' ही एकाच व्यक्तीची नावे, परंतु संगणक अनुस्वाराच्या जागी 'म' आणि हलन्ताचे चिन्ह असे दोन बदल मोजतो. म्हणजे यंत्राच्या लेखी भाऊ जवळचा आणि तोच माणूस दूरचा. म्हणून परकी मोजपट्टी तशीच न लावता ण-न, ळ-ल, श-ष-स, ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार यांचे आपले नियम तीत आधी घालावे लागतात.

असे नियम बांधण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी आपल्या व्याकरणाच्या आठव्या अध्यायात प्राकृताचे नियम सांगताना 'न' चा 'ण' होतो असे म्हटले, आणि शब्दारंभी तो विकल्पाने होतो असेही नमूद केले. 'णमो' आणि 'नमो' यांवर अधूनमधून वाद घालणाऱ्यांनी हे पाहावे.

आता व्यवहाराचे. दहा वर्षे पडून राहिलेल्या बँक ठेवी २०१४ च्या योजनेनुसार रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. वारसाचा हक्क मात्र जात नाही. त्या शोधण्यासाठी १७ ऑगस्ट २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने 'उद्गम' हे संकेतस्थळ सुरू केले. तेथे खातेदाराचे नाव द्यावे लागते. आजोबांचे नाव खात्यात कसे लिहिले होते, हे घरात कोणास ठाऊक नसेल तर एका लेखनावर थांबू नये. संभवणारी सर्व लेखने घालून पाहावीत.

उलट बाजूचा धोकाही तितकाच खरा. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात २००० च्या निवडणुकीपूर्वी मतदानास अपात्र गुन्हेगारांच्या यादीशी मतदारांची नावे जुळवताना जवळपासचे साम्य पुरेसे मानले गेले आणि निरपराध माणसे अपात्र ठरली. याकरिता माझी विनंती आहे की, आपल्या यादीत संगणकाने दोन नावे फक्त शेजारी आणून दाखवावीत. ती एक करावयाची की नाही, हे वडिलांचे नाव, मूळ गाव आणि पेढी पाहून त्या घरच्या जाणत्या माणसाने ठरवावे. आणि एक केली तरी जुने लेखन पुसू नये, 'अन्य लेखन' या रकान्यात राहू द्यावे.

त्यासाठीचे कोरे तक्ते दाराजवळच्या मेजावर ठेवले आहेत. प्रत्येक कुटुंबाने एक न्यावा आणि घरातील वृद्धांस विचारून, जुन्या वह्या व लग्नपत्रिका पाहून भरून द्यावा. माहेरची नावेही लिहावीत. ती आपल्या वह्यांत फारच थोडी आहेत.

जय जिनेंद्र.