क्लच उघडलाच आहे, तर सील बदला
(नवेगाव बांध येथील बैठकीतील भाषण)



शेतीची पदवी घेतली, पण हे शिकलो दोनदा मजुरी मोजून. कोरडी क्लच प्लेट बदलायला ट्रॅक्टर मधोमध फोडावा लागतो. खर्च मजुरीचा, सील त्यामानाने स्वस्त. इंजिनाचे मागचे किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे सील गळले, की तेल नव्या प्लेटवर येते, क्लच घसरतो. वाफसा तुमच्यासाठी थांबत नाही. ही दोन्ही सील आत्ताच बदला. शाफ्टवर खाच पडली असेल, तर नवे सीलही गळेल. ती आधी तपासा. तुंबलेला ब्रीदर साफ करा. चाकाकडचे सील कोरडे असेल, तर राहू द्या. ते ट्रॅक्टर न फोडता निघते. पाणी उतरले की तलावाची पाळ दुरुस्त करतात, भरल्यावर नाही. जुनी सील हातात घ्या, मगच मिस्त्रीचे पैसे द्या.