साधनेतील कृतज्ञता

कर्नाटकातील बेल्लूर येथे 1918 साली जन्मलेले बी. के. एस. अय्यंगार बालपणी रोगजर्जर होते. 1934 मध्ये म्हैसूर येथे त्यांचे मेहुणे टी. कृष्णमाचार्य यांनी त्यांना योगाचे पहिले धडे दिले. गुरू कठोर होते. तरीही शिष्याने त्यांचे ऋण आयुष्यभर मानले. अय्यंगार 1937 मध्ये पुण्यास आले. तेथे 1975 मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या योगसंस्थेला दिवंगत पत्नी रमामणी यांचे नाव देण्यात आले.

त्यांच्या परंपरेत वर्गाचा आरंभ पतंजलींच्या वंदनेने होतो. हा केवळ उपचार नव्हे. देह आणि विद्या ही दोन्ही साधकाला इतरांकडून लाभलेली आहेत, याचे ते स्मरण होय.

आसन स्थिर व सुखकर असावे आणि प्रयत्न शिथिल व्हावा, असे पतंजली सांगतात. देहाकडे केवळ मागणी करणाऱ्या साधकाचा श्वास अडतो, जबडा आवळला जातो. आज गुडघा वाकला तेवढाच, हात पोहोचला तेवढाच, असे जो आदराने स्वीकारतो, त्याचा ताण ओसरू लागतो. अभ्यास तोच राहतो, कष्टही तेच राहतात. परंतु त्यांतील हट्ट गळून पडतो आणि प्रसन्नतेला जागा मिळते.